कोकणातल्या हवेत टिकेल असा मुलांचा शोधकोपरा कसा उभारावा?

पडवीकर (धागाकर्ता)

मुलांनी प्रश्न विचारावेत असं सगळ्यांनाच वाटतं. पण आज विचारलेला प्रश्न उद्या पुन्हा हातात घेता येईल अशी जागा बहुतेक घरांत नसते. सकाळी आणलेली शिंपी (शिंपला) संध्याकाळी केरात जाते आणि तिच्याबरोबर प्रश्नही जातो. चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी पडवीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात कमी खर्चात कोपरा कसा करायचा आणि तो जुलैत कुजू नये म्हणून काय करायचं, एवढ्यापुरता हा धागा. शहरांतल्या याद्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत, कारण खारी हवा आणि चार महिन्यांची ओल त्यांच्या हिशेबात नसते.

आधी जागा. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो. पश्चिमेची पडवी मे महिन्यात कितीही छान वाटली तरी जूनपासून तिथे झड आत येते, म्हणून पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू धरा. कपाट नको. आंब्याच्या प्लास्टिकच्या जाळीदार क्रेट आडव्या ठेवल्या की कप्पे तयार. हवा खेळती राहते, धुता येतात, वाळवी लागत नाही. लाकडी आंबापेट्या दिसायला सुंदर, पण दुसऱ्या पावसाळ्यात त्यांतून भुगा गळायला लागतो. खालची क्रेट चार विटांवर ठेवून जमिनीपासून दहा-पंधरा सेंटीमीटर उचला. सगळ्यांत वरचा कप्पा साठ सेंटीमीटरच्या वर नको. मुलाला मागून घ्यावं लागलं की कोपऱ्याचा निम्मा उपयोग संपला.

एका वेळी बाहेर आठ-दहा वस्तूच ठेवा, बाकीच्या झाकणाच्या डब्यात. आठवड्याला दोन-तीन बदला, सगळ्या कधीच बदलू नका. एखादी चाचणी अर्धवट राहिली असताना सगळा कोपरा नवा केला, तर मूल परत पहिल्यापासून नुसतं हाताळायला लागतं.

हत्यारं मात्र कायम जागेवर हवीत. तिपटी ते पाचपटी भिंग, शिंप्याची टेप (लोखंडी टेप वर्षात गंजते), सुई नसलेली १० मिलीची सिरिंज, खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे मापाचे कप, पाटी-पेन्सिल आणि एक तराजू. तराजूसाठी साठ सेंटीमीटरची सरळ काठी, दोन सारख्या करवंट्या आणि सुंभ पुरतो. लोक चुकतात ते मधल्या भोकात. भोक काठीच्या उंचीच्या बरोबर मध्यावर पाडलं तर तराजू एका बाजूला कलंडतो आणि तिथेच राहतो. ते मध्यरेषेच्या थोडं वर हवं, म्हणजे वजन टेकणाच्या खाली येतं आणि दांडी परत समतोलावर येते. वजनं विकत आणायची गरज नाही. सिरिंजने मोजलेलं १० मिली पाणी म्हणजे १० ग्रॅम.

भिंगावर बुरशी येते, अगदी कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा काचेत रुतली की पुसून जात नाही. भिंग आणि चुंबक रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. एक लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेलची पुडी पुरते. निळी सिलिका घेऊ नका. तिच्यात कोबाल्टचा क्षार असतो, मुलांच्या हाताजवळ नको. पांढरी घ्या आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मंद आचेवर तव्यात अर्धा-पाऊण तास परतून कोरडी करून घ्या.

समुद्र, पाऊस, माती यांतलं जाणणाऱ्यांनी पुढे भर घालावी.

---

सुकती

वाचनखूण साठवली. समुद्राचं मी लिहिते.

कोपऱ्यात पहिली गोष्ट लावायची ती भरतीचा फळा. साठ बाय नव्वद सेंटीमीटरचा प्लायचा तुकडा काळा रंगवून घ्या. त्यावर चार रकाने: तारीख, तिथी, भरतीची काढलेली वेळ, भरतीची पाहिलेली वेळ. शेवटचा रकाना मुलांचा.

वेळ काढायची रीत किनाऱ्यावर घराघरांत माहीत आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार पाऊणे (चार गुणिले पाऊण) तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. ओहोटी तिथून सव्वासहा तासांवर. पाऊणकी (पाऊणचा पाढा) पाठ करायला आजच्या मुलांना दुसरं काही निमित्त उरलेलं नाही, हे एक आहे.

खरी मजा पौर्णिमेला येते. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, पण पाण्यावर गेलं तर भरती बाराच्या आसपास सापडते. पाचवी-सहावीच्या मुलाला हा फरक लगेच खुपतो. त्याला उत्तर देऊ नका, हिशेब द्या. अमावास्या ते अमावास्या तिथी तीस. तेवढ्या काळात भरतीची वेळ पुढे सरकत सरकत पूर्ण चोवीस तासांचा फेरा घेते. चोवीस भागिले तीस म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. आपण धरतो ४५, कारण तोंडी हिशेबाला पाऊण सोपं. तिथीला तीन मिनिटांची चूक पंधरा तिथींत पाऊण तासाची होते. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींला मोजणी परत शून्यावर येते, म्हणून चूक त्यापुढे साठत नाही.

दोन सूचना. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा येते, त्यामुळे बंदरावरची आणि खाडीकाठच्या वाडीतली वेळ जुळली नाही तर कोणाचंच चुकलेलं नाही. दोन्हीकडच्या मुलांनी फळे ताडून बघावेत. आणि पाणी मोजायला कोणालाही खडकावर उभं करू नका. जेटीच्या किती पायऱ्या उघड्या आहेत ते वरून मोजायचं. एका पायरीची उंची एकदा टेपने घेतली की झालं. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग (कमी चढणारी भरती), हा फरक पायऱ्यांच्या आकड्यांतून आपोआप वर येतो.

---

प्रश्नचिन्ह

कल्पना छान आहे, पण एक शंका. हे सगळं मोबाईलवर दोन मिनिटांत दिसतं. भरतीची वेळही दिसते. मग पाऊणकी कशाला? आणि पालक विचारतात, यातून मार्क किती वाढणार?

---

सुकती

मोबाईलवरची वेळ बघाच की. ती पाचवा रकाना म्हणून लिहा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था भरती-ओहोटी आणि उंच लाटांचे इशारे देते, समुद्रावर मुलं न्यायच्या दिवशी ते बघितलेच पाहिजेत. पण नुसता आकडा बघून "रोज उशीर का होतो?" हा प्रश्न पडत नाही. तो पडायला पंधरा दिवसांचे आकडे एकाखाली एक, स्वतःच्या अक्षरात लागतात.

मार्कांचं पालकांनाच विचारा. अपूर्णांकाचं गणित वहीत अडतं की फळ्यावर?

---

बालवाडीताई

तीन वर्षांखालची भावंडं त्याच पडवीत रांगत असतात, म्हणून आधी सुरक्षिततेचं. सव्वा इंची पीव्हीसी पाईपचा पाच-सहा सेंटीमीटरचा तुकडा कोपऱ्याजवळ टांगून ठेवा. जी वस्तू त्यातून आरपार जाते ती लहानग्याच्या हाती लागेल अशा ठिकाणी नको. चिंचोके, शिंपल्यांचे तुकडे, चुंबकाच्या गोळ्या, सगळं त्यात आलं. दोन छोटे ताकदवान चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या घड्या मध्ये चिमटतात आणि आतडं फाटतं. चकतीचे मोठे काळे चुंबकच वापरा.

बियांबद्दल तर कळकळीने सांगते. गुंजा दिसायला इतक्या सुंदर की मोजणीच्या डब्यात हमखास जातात. गुंज अतिशय विषारी आहे. अख्खी बी गिळली तर कदाचित तशीच बाहेर पडेल, पण चावली किंवा मण्यासाठी भोक पाडलेली असली तर जीवावर बेतू शकतं. एरंड, मोगली एरंड, कण्हेर, धोतरा यांच्या बियाही बाद. ओल्या काजूबियांचा विचार फारसा कोणी करत नाही. टरफल फुटलं की त्यातला चीक कातडी जाळतो आणि तोच हात डोळ्याला लागतो. मोजायला सागरगोटे, चिंचोके, वाळवलेल्या आठळ्या, आंब्याचे धुतलेले बाठे घ्या. आठळ्यांना पावसाळ्यात बुरशी येते, त्या फक्त उन्हाळ्यापुरत्या.

आणि एक. आसपासच्याच वस्तू घेऊन शिकवायची ही रीत परदेशातून आलेली फॅशन आहे असं कोणाला वाटत असेल तर, ती कोकणातच रुजलेली आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला, समुद्राच्या काठावर, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी वाटतो, पण तो त्या कामातून आलेला आहे.

---

कातळ

ताईंना अनुमोदन. गुंजांचं कोणीतरी लिहायलाच हवं होतं.

वाळूचं सांगतो. रत्नागिरीजवळ भाट्ये, काळबादेवी, मिऱ्या या भागांत वाळूत काळे पट्टे दिसतात. त्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही खनिजं असतात. मूठभर वाळू आधी कडक उन्हात पूर्ण वाळवा. ओली वाळू गठ्ठ्याने चिकटते आणि काहीच वेगळं होत नाही. थाळीत पातळ थर पसरा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूच्या एक सेंटीमीटर वरून फिरवा, मग कागदावर नेऊन पिशवीतून चुंबक बाहेर ओढा. कण कागदावर पडतात. उघडा चुंबक वाळूत घातला तर तो कायमचा केसाळ होतो. तो साफ करायला चिकटपट्टी घेऊन बसावं लागतं.

साध्या काळ्या चुंबकाला मॅग्नेटाइट पटकन येतं, इल्मेनाइट फारसं येत नाही. त्यामुळे चुंबक फिरवूनही थाळीत काळे कण उरतात. "काळं ते सगळं लोखंड" हा मुलांचा अंदाज इथे मोडतो आणि तो मोडू द्यावा. उरलेले काळे कण भिंगाखाली घ्या, पांढरे कण शेजारी ठेवा. पांढऱ्यांवर व्हिनेगरचा थेंब टाकला की काही फसफसतात, ते शिंपल्यांचे. काही ढिम्म बसतात. एवढ्या चिमूटभर वाळूत डोंगर आणि समुद्र दोन्ही सापडतात.

जांभ्याचा तुकडा आणि काळ्या कातळाचा तुकडा एकाच मापाचे घेऊन तोला, मग रात्रभर पाण्यात ठेवून परत तोला. जांभा पाणी पितो. चिऱ्याची भिंत पावसात ओल का धरते, हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात.

सड्यावर (कातळाच्या पठारावर) दगड उलटताना फुरसं असू शकतं हे गृहीत धरूनच चालायचं. हाताने नाही, काठीने. दगडाची पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे खाली जे असेल ते आणि आपण यांच्यामध्ये दगड राहतो. बघून झालं की दगड होता तसाच परत. हे काम मोठ्यांचं, मुलं चार पावलं मागे. कातळशिल्पांच्या जागी तर खडूची रेघही ओढू नका. ती चित्रं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. शेजारच्या मोकळ्या अंगणात सुतळीने एक-एक मीटरचे चौकोन आखा आणि कागदावरच्या छोट्या चौकोनांतलं चित्र मोठं करून काढा. प्रमाण शिकवायला याहून चांगलं साधन मिळायचं नाही.

---

गावकार

माका वाटता, सगळ्यात म्हत्त्वाचो मुद्दो ऱ्हवलो. पावसाचा काय? चार म्हयने पोरां घरातच असतत.

---

पागोळी

पावसाचंच लिहायला आलो.

बाटलीचं पर्जन्यमापक सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेलं असतं. दोन लिटरची बाटली कापायची, वरचा भाग उलटा घालून नरसाळं करायचं. कोकणात ते दोन कारणांनी फसतं. बाटलीचा तळ खाचांचा, त्यामुळे शून्य कुठे धरायचं कळत नाही. आणि सरळ भाग फार तर बारा-पंधरा सेंटीमीटर. म्हणजे १२०-१५० मिलीमीटरला बाटली भरून वाहते, आणि असा पाऊस आपल्याकडे एका रात्रीत होतो. नेमका ज्या दिवशी मुलांना आकडा हवा असतो त्या दिवशी आकडा नसतो.

त्याऐवजी चार इंची पीव्हीसी पाईप, लांबी पन्नास सेंटीमीटर. प्लंबरकडे तुकडा पडलेला असतो. खाली एंड कॅप सोल्युशनने चिकटवा. कॅप आतून बशीसारखी खोलगट असेल तर थोडं सिमेंट ओतून सपाट करा आणि आठवडाभर पाणी घालून पक्कं होऊ द्या. वरची कड कानशीने बाहेरून घासून धारदार करा, नाहीतर जाड कडेवर पडलेले थेंब आत जायचे की बाहेर हे नशिबावर. आता पाईपमध्ये जितके मिलीमीटर पाणी तितके मिलीमीटर पाऊस. झिजवलेला हीर (माडाच्या पानाची काडी) आत बुडवून ओली खूण पट्टीवर मोजता येते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी दुसरी रीत. पाणी मापात ओता आणि आतल्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. आतला व्यास १०.४ सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ८५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे ८५ मिली पाणी हा एक सेंटीमीटर पाऊस. हिराचं माप आणि हा हिशेब दोन-तीन मिलीमीटरच्या आत जुळला पाहिजे. नाही जुळला तर बहुतेक वेळा व्यास बाहेरून मोजलेला असतो.

जागा हा खरा अडचणीचा भाग. नियम असा की झाड किंवा घर जितकं उंच त्याच्या दुप्पट अंतरावर मापक हवं. वाडीत पंधरा-वीस मीटरचे माड असताना हे शक्यच नाही. खळ्याच्या मध्यावर, पागोळ्यांपासून लांब, खांबाला बांधा. तोंड जमिनीपासून निदान तीस सेंटीमीटर वर, नाहीतर शिंतोडे आत उडतात. आकडा थोडा कमी येईल, येऊ द्या. पण एकदा लावलेली जागा हंगामभर बदलू नका, नाहीतर जूनची जुलैशी तुलना होत नाही. रोज पाणी ओतून टाका. दोन-तीन दिवस साठलं की डासांच्या अळ्या आल्याच.

वाचन सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही चोवीस तासांचा हिशेब त्याच वेळी बंद करतं. त्यांच्या भाषेत ६४.५ मिलीमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर गेलं की अत्यंत जोरदार. हे तीन आकडे पाईपशेजारी रंगवून ठेवले की बातमीतला शब्द आणि अंगणातलं पाणी एकमेकांशी जोडले जातात. वाडीत दोन-तीन घरांनी मापकं लावली तर आणखी उत्तम. एकाच रात्री अर्ध्या किलोमीटरवर वेगळा आकडा येतो, आणि त्यावर मुलं तासभर भांडू शकतात.

---

तिवर

पुळणीवर काय बघायचं यावर थोडं.

शिंप्या गोळा केल्या की त्यांतल्या काहींना एकच गोल, नेटकं भोक असतं. साधारण दोन ते चार मिलीमीटर, बहुधा बिजागरीच्या बाजूला. मुलांना वाटतं कोणीतरी माळ ओवायला पाडलं. भिंगातून कड बघा. बाहेरून रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं असेल, सुताराने स्क्रूचं डोकं बसवायला पाडतात तसं, तर ते वाळूत राहणाऱ्या शिकारी गोगलगायीचं काम. ती शिंपीवर बसते, आम्लासारखा स्राव सोडून आणि खरवडून खरवडून भोक पाडते आणि आतला जीव खाते. भोकाच्या भिंती सरळ असतील तर शिकारी वेगळ्या कुळातला. एकाच शिंपीला चाळणीसारखी बारीक पुष्कळ भोकं असतील तर ते शिंपले पोखरणाऱ्या स्पंजचं काम, त्यात शिकारीचा संबंध नाही.

इथे "हे कोणी केलं?" एवढंच विचारून गप्प बसायचं. मग एकाच जातीच्या शंभर शिंप्या वेचून भोकवाल्या किती ते मोजायचं. भोक दर वेळी त्याच जागी का, हा प्रश्न चौथी-पाचवीच्या मुलांकडून येतोच. घरी आणायच्या त्या रिकाम्याच, आणि दहा-बाराच. शंख तर उलटा करून थोडा वेळ थांबा, आत शंखात राहणारा खेकडा असू शकतो. शंकूच्या आकाराचे जिवंत शंख हाताळू नका, त्यांच्यातला विषारी काटा धोक्याचा असतो. पावसाळ्यात निळे फुगे (फुग्यासारखे समुद्री जीव) किनाऱ्याला लागतात, ते मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डंख मारतात. प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. सापडले तरी उचलायचे नाहीत.

आणलेल्या शिंप्या दोन दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून, मग कडक उन्हात. घाई केली तर चौथ्या दिवशी घरातली मोठी माणसं कोपऱ्यासकट सगळं बाहेर काढतात. :)

खाजणाकाठी राहणाऱ्यांनी तिवराचं पान भिंगाखाली घ्यावं. कोरड्या दिवशी दुपारी पानावर मिठाचे कण दिसतात. पावसात ते धुऊन जातात, तेव्हा ऑक्टोबरनंतरच.

---

प्रश्नचिन्ह

एवढं सगळं माहीत असलेला माणूस घरात असेल तर ठीक. नसेल तर? मुलाने विचारलं आणि आईला उत्तर आलं नाही, तर कोपरा बंदच पडणार ना?

---

पडवीकर

उलट उत्तर येणाऱ्या माणसाचाच कोपऱ्याला जास्त धोका. मुलाचं वाक्य संपायच्या आत त्याचं उत्तर सुरू होतं.

मेरी बड रोव्ह या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली होती. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबत. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं आणि मुलं स्वतःहून जास्त बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. मुलासमोर गप्प राहून मोजून बघा, किती जड जातात ते.

माहिती नसलेल्या आईसाठी सोपी पद्धत. प्रश्न मुलाच्याच शब्दांत, तारीख घालून चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचा. शाई नको, दमट हवेत फुटते. मग तीन डब्यांपैकी एकात: करून बघायचं, बघत राहायचं, कोणालातरी विचारायचं. "जून (पूर्ण तयार) आंबा बुडतो का?" पहिल्यात. "कुर्लीच्या बिळाबाहेरच्या वाळूच्या गोळ्या भरतीनंतर कुठे जातात?" दुसऱ्यात. "समुद्र खारट का?" तिसऱ्यात, आणि तिथे पुस्तक, गुरुजी, मोबाईल सगळं चालतं. कुठल्या डब्यात टाकायचं ते मूल ठरवतं. चुकीच्या डब्यात टाकलं तर चार दिवसांत त्यालाच कळतं, चिठ्ठी हलवायची.

करून बघायच्या आधी एकच वाक्य: "काय होईल वाटतं, सांग, मग टाकू." आंब्याचंच घ्या. बादलीभर पाणी, वेगवेगळ्या दिवसांनी काढलेले चार आंबे. जून हापूस बुडतो, कोवळा तरंगतो. आता मीठ घाला, एकेक चमचा, दर वेळी ढवळून. कोणता आंबा किती चमच्यांना वर आला हे पाटीवर. बागायतदाराच्या घरातल्या मुलांना आंबा पारखायची ही रीत बघून माहीत असते. का ते माहीत नसतं.

---

शिरोडकर_०३

मिठावरून आठवलं. मिठागर घरच्या ताटलीत होतं. पुळणीवरचं स्वच्छ पाणी फडक्यातून गाळून २०० मिली घ्या, काचेच्या किंवा चिनीमातीच्या पसरट बशीत. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे सातेक ग्रॅम मिळायला हवेत. स्टीलच्या ताटलीला डाग पडतात, ॲल्युमिनियम तर खाल्लं जातं. एप्रिल-मेच्या उन्हात तीन-चार दिवस लागतात. खाडीच्या मुखाजवळचं पाणी घेतलं तर मीठ कमी येतं, तो वेगळा प्रयोग म्हणून शेजारी मांडा. जूननंतर नाद सोडा, मीठ हवेतलं पाणी ओढून परत विरघळतं. ते खायचं नाही, फक्त तोलायचं. १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह मुलांना सांगायला हीच वेळ बरी.

---

बालवाडीताई

पावसाळ्यातल्या दोन स्वस्त गोष्टी राहिल्या होत्या.

गोकर्णाची आठ-दहा निळी फुलं अर्धा कप गरम पाण्यात पाच मिनिटं. गाळून तीन वाट्यांत वाटा. एकीत लिंबू पिळा, जांभळा-गुलाबी होतो. एकीत खायचा सोडा, हिरवट निळा. तिसरी तशीच, तुलनेला. मुलांना मग घरातलं सगळंच तपासायचं असतं: कोकमाचं आगळ, ताक, साबणाचं पाणी, राखेचं पाणी. चुना देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते. कागदाच्या पट्ट्या रंगवून ठेवायचा सल्ला पुस्तकांत असतो, त्या आपल्याकडे पावसाळ्यात बुरसटतात. ताजी फुलंच घ्या.

दुसरं, माडाचे हीर आणि रात्रभर भिजवलेले वाटाणे. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरून जी रचना घराघरांत नेली, तीच ही, फक्त रबर खाऱ्या हवेत कडक होतं म्हणून वाटाणे. हीर दहा-दहा सेंटीमीटरचे कापा. चौकोन करा, कोपरा दाबा, तो लवंडतो. त्रिकोण लवंडत नाही. मग चौकोनात एक तिरका हीर घालून बघा. वाटाणे उन्हाळ्यात वाळून घट्ट होतात आणि मॉडेल टिकतं, पावसाळ्यात दोन दिवसांत वास मारतं. हिरांची टोकं बोथट करून द्या.

---

गावकार

बरा झाला. आता मे म्हयन्यात चाकरमान्यांची पोरां येतत, तेंका काय दाखवूचा? दोन दिवसांत कंटाळतत.

---

कातळ

सावली गायब होते तो दिवस दाखवा, तो नेमका मे महिन्यातच येतो. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. मालवणात ५ मेच्या आसपास, रत्नागिरीत ८ मेच्या, अलिबागेत १५ मेच्या, बोर्डीला साधारण २१ तारखेला. एखादा दिवस इकडेतिकडे धरा. म्हणजे एकाच मे महिन्यात तो दिवस दक्षिणेकडून उत्तरेला चालत जातो. मुंबईला परतणाऱ्या मुलांना तो तिथे पुन्हा गाठता येतो, रत्नागिरीनंतर आठवडाभराने.

तीस सेंटीमीटरचा सरळ पाईप किंवा रूळ सपाट फरशीवर उभा करा आणि ओळंब्याने दोन बाजूंनी उभेपणा तपासा. रूळ जरा कलला तरी सावली उरते आणि सगळा प्रयोग वाया. अकरा वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण. सगळ्यात कमी सावली बारा वाजता नाही, साडेबारा उलटल्यावर येते. रत्नागिरीत १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमारास. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण ७३ अंशांच्या थोडं पुढे. अंशाला चार मिनिटं धरून हिशेब मुलांना करू द्या. उत्तर तीन-चार मिनिटांनी जास्त येईल, त्याची चिठ्ठी "विचारायचं" डब्यात.

जुलै-ऑगस्टमधला दुसरा दिवस ढगांत जातो, त्याच्या भरवशावर राहू नका. आदल्या आणि पुढच्या दिवशीही खुणा करून ठेवा, म्हणजे नेमक्या दिवशी आभाळ आलं तरी काम अडत नाही.